इंजिन बंद करायचं नाही

आमच्या गल्लीतली कुत्री पाठीवर काळी आहेत, पण ती जन्मानं काळी नाहीत. हिवाळ्यात ती दामदिनच्या गाडीखाली झोपायची. गाडी परत आली की इंजिनाची ऊब बराच वेळ टिकायची, आणि वरून ऑईल ठिबकत राहायचं. शेजारी त्यांना दामदिनची कुत्री म्हणतात. आमचं स्वतःचं कुत्रं शहाणं आहे, ते कोळशाच्या खोलीत झोपतं.

दामदिन माझा नवरा. गाडी म्हणजे त्याची करडी रशियन फुर्गॉन व्हॅन, पावाच्या लादीसारखी दिसणारी. तिच्या मीटरचे आकडे शून्यापासून निघून पुन्हा शून्यावर किती वेळा आले, हे तो प्रत्येकाला वेगवेगळं सांगतो. अर्ध्या गावाला तिनं घाट ओलांडून जिल्ह्याच्या गावी नेऊन आणलंय. नवऱ्या नेल्या, मेंढ्या नेल्या, एकदा शाळेचा पियानोसुद्धा आणला. आमचं घर तिच्यावर चालायचं, हे मी नाकारत नाही. पण इंजिन पार खिळखिळं झालेलं. आतल्या रिंगा झिजल्या होत्या, त्यामुळे ऑईल पेट्रोलबरोबर जळायचं आणि मागे निळा धूर सुटायचा. क्रँकचं मागचं सील गेलं होतं, त्यामुळे जे जळायचं नाही ते खाली गळायचं.

"एकदा इंजिन उघड ना," मी म्हणायचे.

"जुनं इंजिन उघडलं की त्याला कळतं आपण म्हातारे झालो," तो म्हणायचा.

असल्या माणसाशी काय भांडायचं? सीलच्या जागी त्यानं घोड्याच्या केसांची वेणी चरबीत भिजवून ठोकून बसवली होती. थंडी पडेपर्यंत ती टिकली, म्हणून त्याला स्वतःचं फार कौतुक. थंडी पडली आणि पुन्हा गळायला लागलं. मी हात टेकले होते.

पांढऱ्या महिन्याचा सण, म्हणजे आमचं नवं वर्ष, तोंडावर आला होता. मी सकाळपासून बूज भरत बसले होते, म्हणजे खिम्याच्या करंज्याच म्हणा, आणि त्या बाहेर फळीवर गोठायला ठेवत होते. आमची अनुजिन, सतरा वर्षांची, आदल्या संध्याकाळपासून पोट धरून पडलेली. आधी मला वाटलं कामाचा कंटाळा. मग ती ओकली आणि तिचे पाय पोटाशी गेले ते सरळ होईनात. तिला पाठीवर घेऊन गावच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी पोट दाबलं, सोडलं, आणि अनुजिन अशी ओरडली की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली.

"अपेंडिक्स," बाई म्हणाल्या. "आजच ऑपरेशन व्हायला हवं. इथं होणार नाही. आणि अँब्युलन्स बाळंतिणीला घेऊन नदीपलीकडे गेलीय, फोन लागत नाही."

बाईंनी इंजेक्शन दिलं, मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "तोंडावाटे काही देऊ नका, चहासुद्धा नाही. आणि एक ऐका. दुखायचं एकदम थांबलं तर खूश होऊ नका. थांबलं म्हणजे आत फुटलं. मग फार वेळ हातात नसतो."

दामदिन दारात उभा होता. त्यानं मुलीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. टोपी घातली आणि म्हणाला, "चेंबर तापवायला घेतो."

मला तेव्हाच राग आला. पोरगी तळमळतेय आणि या माणसाच्या तोंडी पहिला शब्द चेंबरचा. पण आमच्याकडच्या थंडीत रात्री इंजिनाच्या चेंबरमधलं ऑईल खळीसारखं घट्ट होतं. खालून ब्लोलॅम्पची ज्योत धरून ते पातळ केल्याशिवाय कुठलीच गाडी सुरू होत नाही. तो बर्फात पाठ टेकून गाडीखाली झोपला आणि मी दारोदार फिरले. दुकानात ऑईल नव्हतं, बर्फामुळे ट्रकच आला नव्हता. घरात एक भरलेला डबा आणि एक अर्धा. शेजारच्या तोग्मिदनं आपल्या मोटारसायकलमधलं काढून चहाच्या थर्मासात भरून दिलं.

"परत नको देऊस," तो म्हणाला. "थर्मास तेवढा दे. बायकोचा आहे."

गाडी सुरू झाली. सासूबाई दुधाचं भांडं घेऊन आल्या, चाकांवर दूध शिंपडलं, वाटेवर शिंपडलं, आणि भांडं शेजारणीच्या हातात देऊन स्वतःच गाडीत चढल्या. "पोरीचं डोकं कोण धरणार?" असं म्हणून मागच्या बाकावर बसल्या आणि अनुजिनचं डोकं मांडीवर घेतलं. वर लोकरीच्या जाड नमद्याची घडी, खाली नमदा, पायाशी जॅक आणि ऑईलचा भरलेला डबा. मी पुढे, अर्धा डबा आणि थर्मास पायात धरून.

फुर्गॉनचं इंजिन नाकात नसतं. ड्रायव्हर आणि शेजारचा यांच्या मधोमध, एका टोपणाखाली असतं, घरातल्या चुलीसारखं. टोपण उचललं की बसल्या जागेवरून त्यात ऑईल ओतता येतं, इंजिन चालू असतानासुद्धा. त्यामुळे आमचं काम वाटून गेलं. दामदिन चालवायचा आणि ऑईलच्या काट्याकडे बघायचा. काटा खाली आला की "ओत" म्हणायचा. मी टोपण उचलायचे, झाकण फिरवायचे, तोंडावर धुराची पिचकारी यायची, आणि मी ओतायचे. काट्याकडे त्याचे डोळे तेल घातल्यासारखे लागले होते. तेवढंच तेल आमच्याकडे मुबलक होतं.

नदीच्या बर्फावरून गेलो. पलीकडे फोनची रेंज संपली. पुढे सगळा पांढरा माळ आणि त्यात आधीच्या गाड्यांच्या चाकोऱ्या. प्रत्येक खड्ड्याला अनुजिन कण्हायची.

"आई, किती राहिलं?" तिनं विचारलं.

"श्श," सासूबाई म्हणाल्या. "वाटेवर विचारू नये असं."

आमच्याकडे हे सगळेच पाळतात. निघाल्यावर कधी पोचणार हे विचारायचं नाही, आणि वाईट काही तोंडातून काढायचं नाही. वाट ऐकते म्हणतात. बाकीचे पाळतात ते सवयीनं. सासूबाई पोलिसासारखं पाळतात. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच प्रवासात मी "चाक पंक्चर होईलसं वाटतंय" म्हटलं आणि ते झालं. ते पंक्चर आजवर माझ्या नावावर आहे.

माळ संपून चढ सुरू झाला तसं इंजिनाला जोर लागायला लागला. जोर लागला की रिंगांच्या फटीतून धूर खाली चेंबरमध्ये दाबतो आणि मागच्या सीलमधून ऑईल बाहेर ढकलतो. हे मला दामदिननं समजावलेलं नाही. इतकी वर्षं त्याच्याबरोबर झोपते, तो झोपेत बोलतो. अर्धा डबा संपला. थर्मासही संपला. घाटाच्या पायथ्याशी काटा पुन्हा खाली आला.

"मागचा डबा घे," तो म्हणाला.

मी दोन्ही बाकांच्या मधून वाकले आणि डबा उचलला. तो हातात आला तो हलका. थंडीनं प्लास्टिक कडक झालेलं, खड्ड्यांत जॅकवर आपटून तळाला उभी चीर गेलेली. ऑईल सगळं नमद्यात जिरलं होतं. सासूबाईंचे नमद्याचे बूट घोट्यापर्यंत काळे झाले होते.

मी त्यांच्या बुटांकडे बघितलं. मग त्यांच्या तोंडाकडे.

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

त्या जपमाळ ओढत राहिल्या.

"आई."

"नदी ओलांडली तेव्हा पाय ओले झाले," त्या म्हणाल्या. "वाटेवर कसं बोलणार? घाटमाथ्यावर ओवोच्या दगडांपाशी थांबलो की प्रदक्षिणा घालून सांगणार होते."

नदीपासून म्हणजे किती वाट! डबा नुसता उलटा धरला असता, चीर वर आली असती, तरी अर्धा वाचला असता. मी आयुष्यात सासूवर हात उचललेला नाही. त्या दिवशी हाताची मूठ वळली होती. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण मला त्याचं काही वाटलं नाही. माझी मुलगी तिच्या मांडीवर होती म्हणून मी गप्प बसले.

दामदिननं गाडी उभी केली, इंजिन चालूच ठेवून. तो मागे आला, डबा बघितला, आईकडे बघितलं. नमद्याची किनार सुरीनं कापली आणि म्हणाला, "धर एक टोक."

आम्ही दोघांनी तो नमदा धुण्यासारखा पिळला. भांड्यात काळं, लोकरीच्या केसांनी भरलेलं ऑईल पडलं. मी डोक्याचा रुमाल सोडून त्यातून ते गाळलं. वाटीभर निघालं असेल. ते आत ओतलं आणि त्यानं ऑईल मोजायची पट्टी घालून पाहिली. पट्टीच्या टोकाला नुसता ओलावा.

"एवढ्यावर घाट चढणार नाही," तो म्हणाला. "मध्येच बसेल."

मध्ये बसेल म्हणजे काय, हे कुणी बोललं नाही. त्या थंडीत बंद गाडीत माणूस किती तग धरतो, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. आजारी माणूस तर आणखी कमी. मी वाटेकडे पाहिलं. मागे गाडी नाही, पुढे गाडी नाही. सणाच्या तोंडावर कोण घाट ओलांडतंय? डाव्या हाताला, खडकाच्या आडोशाला, धुराची एक रेघ होती. कुणा मेंढपाळाचं हिवाळी ठाणं.

आम्ही तिकडे वळलो. कुत्री धावून आली. तंबूतून एक ठेंगणा म्हातारा बाहेर आला, कुत्र्यांवर ओरडला आणि आमची गाडी बघून हसला.

"ही गाडी आहे की चूल?" तो म्हणाला. "धूर कुठून कुठून येतोय."

त्याचं नाव गुर्मेद. दामदिननं त्याला थोडक्यात सांगितलं. म्हातारा हसायचा थांबला.

"पोरा, माझ्याकडे घोडे आहेत," तो म्हणाला. "घोड्याला ऑईल लागत नाही. पोराची मोटारसायकल होती, ती घेऊन तो गेला शहरात."

दामदिन दारात उभा राहून आत बघत होता. मला वाटलं, चुलीची ऊब घेतोय. पण तो बघत होता तंबूच्या थंड बाजूला टांगलेल्या मेंढीच्या पाठीकडे. सणाला प्रत्येक घरात मेजाच्या मधोमध अख्ख्या मेंढीची पाठ मांडतात, शेपटासकट. शेपटीवर जितकी जास्त चरबी, तितकी त्या घराची शान. गुर्मेदकडची शेपटी परातीएवढी होती. वर्षभर ती मेंढी वेगळी चारली असणार.

"काका," दामदिन म्हणाला, पण नजर शेपटीवरून हलेना.

गुर्मेदनं त्याची नजर कुठे आहे ते पाहिलं. त्याच्या बायकोनंही पाहिलं. ती उठली, सुरी घेतली आणि शेपटी बुडापासून कापून कढईत टाकली.

"यंदा पाहुण्यांना बिनशेपटाची मेंढी दाखवू," गुर्मेद म्हणाला. "म्हणू, लांडग्यानं खाल्ली. तसं खोटंही नाही."

चरबी वितळत होती तोवर दामदिन मला बाहेर घेऊन गेला. इंजिन बाहेर धडधडत होतं. त्याच्याकडेच बघत तो बोलला.

"हे पोटात गेलं की इंजिन बंद करायचं नाही. गरम आहे तोवर ऑईलसारखं चालेल. बंद केलं आणि थंड झालं, की आत सगळीकडे मेण होऊन बसेल. पंपात, नळ्यांत, सगळीकडे. मग ते कधीच सुरू होणार नाही. आणि बेअरिंगं तर आत्ताच जातील."

"मग?"

"मग काही नाही. तुला सांगितलं."

तेवढ्यात गाडीतून आवाज आला. "आई." तो आवाज कण्हण्याचा नव्हता, म्हणून मी धावले. अनुजिन उठून बसली होती. चेहरा पांढराफटक, पण शांत.

"आई, थांबलं," ती म्हणाली. "खरंच. आता दुखत नाही. मला चहा दे ना."

सासूबाईंनी हात जोडले. "उतरलं गं बाई," त्या म्हणाल्या. गुर्मेदच्या बायकोनं दिलेला चहाचा वाडगा त्यांच्या हातात होता, तो त्यांनी तिच्या ओठांकडे नेला.

मी तो हिसकावून बर्फात फेकला. सासूबाई दचकल्या. अनुजिन माझ्याकडे बघतच राहिली.

"दामदिन," मी मोठ्यानं म्हटलं, "तिचं फुटलंय. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, दुखायचं थांबलं की फुटलं. ती आता मरायला लागलीय. ऐकलंस? तुझी मुलगी मरायला लागलीय, तुझ्याकडे ऑईल नाही, आणि तुझी आई तोंड शिवून बसली होती. वाट ऐकत असेल तर ऐकू दे."

सासूबाईंनी दोन्ही कानांवर हात दाबले. मला त्याचीही पर्वा नव्हती. इतक्या वर्षांचं जे जे वाटेवर बोलायचं नव्हतं, ते सगळं मी एका दमात बोलले असते. दामदिन मात्र आत गेला आणि कढई फडक्यात धरून घेऊन आला.

"टोपण उचल," तो म्हणाला.

मी टोपण उचललं. चरबी चुरचुरत आत गेली. इंजिन खोकलं, दचकलं, मग पुन्हा लयीत आलं. मागून सुटलेल्या धुराला सणाच्या स्वयंपाकाचा वास होता. काटा वर चढला. उरलेली चरबी गुर्मेदच्या बायकोनं तोग्मिदच्या थर्मासात भरून दिली, आणि आम्ही नीट निरोपही न घेता निघालो. गुर्मेदची कुत्री बरीच लांबवर मागे आली. बर्फावर आमच्या मागे पांढरे थेंब पडत होते आणि ती ते चाटत होती.

आम्ही घाट चढायला लागलो. गाडीत तळणाचा इतका वास कोंडला होता की डोळे चुरचुरत होते. अनुजिन पुन्हा आडवी झाली होती. आता तिला हुडहुडी भरली होती आणि अंग तव्यासारखं तापलं होतं. "कोण तळतंय?" ती म्हणाली. "मला दे ना एक." मग काहीतरी शाळेतलं बडबडायला लागली. सासूबाईंनी आपला कोट काढून तिच्यावर घातला आणि स्वतः पातळ जाकिटात कुडकुडत बसल्या.

माथ्यावर ओवो आला, दगडांची मोठी रास, निळ्या फडक्यांनी भरलेली. एरवी दामदिन तिथं उतरल्याशिवाय पुढे जात नाही. त्यानं हॉर्न वाजवला, तीनदा, आणि गाडी तशीच पुढे काढली. सासूबाईंनी खिडकीतून सुकवलेल्या चक्क्याचा तुकडा नैवेद्य म्हणून फेकला. त्या काही म्हणाल्या नाहीत. मला वाटलं होतं, म्हणतील.

उतारावर त्यानं गिअर काढला आणि गाडी नुसती सोडून दिली. इंजिनाला जरा विसावा. तो गाडीशी बोलायला लागला. त्याची ही जुनी खोड.

"चल गं म्हातारे," तो म्हणत होता. "अजून थोडंच. कुठं दुखतंय ते सांगू नकोस. मला माहीतंय कुठं दुखतंय. धर, धर, आलंच आता."

मला वाटलं, याच्या कानफटात द्यावी. मागे पोरगी ग्लानीत आहे, तिला एक शब्द नाही. सकाळपासून त्यानं तिचं नाव घेतलेलं नव्हतं. सगळी माया त्या लोखंडाला. असा माणूस मी नवरा म्हणून पत्करला, असं मनात आलं, आणि रडू आलं ते मी धुरावर ढकललं.

उतार संपला तिथे ठोका सुरू झाला. आधी बारीक, टिक टिक, मग टक टक, मग कुणी आत हातोडा घेऊन बसल्यासारखा. बेअरिंग गेलं होतं. ऑईलचा दिवाही लाल झाला. "ओत," दामदिन म्हणाला. मी थर्मास उपडा केला. चरबी घट्ट व्हायला लागली होती, ती बोटानं ढकलावी लागली. बोटं भाजली ती मला दुसऱ्या दिवशी कळली. दिवा गेला, ठोका राहिला. समोर जिल्ह्याच्या गावाची धुराडी दिसायला लागली आणि तिथून पुढचा रस्ता मी तो ठोका ऐकत काढला. थांबेल, आता थांबेल, असं प्रत्येक ठोक्याला वाटत होतं.

तो थांबला नाही. आम्ही जिल्हा रुग्णालयाच्या दारात पोचलो. माणसं धावत आली ती बहुतेक आवाजामुळेच. अनुजिनला चाकांच्या खाटेवर घातलं. तिचे डोळे अर्धे उघडे होते, पण ती कुणाला बघत नव्हती.

"चल," मी दामदिनला म्हटलं.

"मला बंद करता येत नाही," तो म्हणाला. "तू जा."

मी त्याच्याकडे बघितलं. मग खाटेमागे गेले.

ऑपरेशनच्या खोलीचं दार बंद झालं. सासूबाई आणि मी बाहेरच्या बाकावर, दोन टोकांना. भिंतीपलीकडून आमच्या गाडीचा ठोका येत होता. सफाईवाली आली आणि फरशीवरच्या काळ्या पावलांकडे बघून कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"हे कुणी केलं?"

सासूबाई पाय बाकाखाली ओढायला लागल्या. त्यांचे ते छोटे, काळे झालेले बूट मी बघितले. थंडीनं त्यांचे ओठ निळे पडले होते. कोट अजून अनुजिनच्या अंगावर होता, आतमध्ये.

"मी केलं," मी म्हटलं. "पुसते."

मी फरशी पुसली. मग त्यांचे बूट काढले आणि त्यांचे पाय माझ्या शालीत गुंडाळले. माफ केलं होतं असं नाही. अजूनही पूर्ण केलेलं नाही. पण म्हाताऱ्या बाईचे पाय बर्फासारखे गार होते आणि दुसरं कुणी नव्हतं.

बराच वेळ गेला. खिडकीतलं ऊन तांबूस झालं. शेवटी सर्जन बाहेर आले, तोंडावरचं फडकं खाली ओढलं.

"फुटलंच होतं," ते म्हणाले. "आत सगळं धुऊन काढलंय, नळी ठेवलीय. दोन दिवस जपावं लागेल. पण पोरगी चिवट आहे, जगेल. आणखी उशीर केला असतात तर मी दुसरंच काही सांगत असतो."

सासूबाई बाकावरून घसरून खाली बसल्या. मला आत नेलं. अनुजिनचे ओठ हलत होते. मी तिच्या कपाळाला हात लावला आणि बाहेर आले. आनंद झाला होता, पण त्याच्यावर चढून राग आला होता. इतका वेळ! ऑपरेशन चाललं तेवढा सगळा वेळ हा माणूस बाहेर गाडीत बसून राहिला होता. आज मी त्याला सोडणार नव्हते.

गाडी कुणीतरी भिंतीकडे न्यायला लावली होती. खाली बर्फावर मेणबत्त्या वितळाव्यात तशी चरबी साचली होती. मी दार उघडलं. दामदिन दोन्ही हातांनी चाक धरून समोर बघत होता, उजवा पाय पेडलवर. इंजिन आपोआप चालेना झालं होतं. पाय उचलला असता तर बंद पडलं असतं, म्हणून तो पायानं त्याला चालवत होता. गुडघा थरथरत होता. गालांवर पाणी येऊन गोठलं होतं.

"झालं ऑपरेशन," मी म्हटलं. "वाचली. चल आत."

तो हलला नाही.

"दामदिन, वाचली ती."

"मी धरून ठेवलंय," तो म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "घाटात म्हटलं होतं मी, हे चालू आहे तोवर अनुजिनला काही होणार नाही. तेवढंच माझ्या हातात होतं. आता पाय उचलवत नाही."

मला सगळा दिवस एकदम उलटा दिसला. चल गं म्हातारे, धर, आलंच आता. कुठं दुखतंय ते मला माहीतंय. तो कुणाशी बोलत होता! मागे वळून तिच्याशी बोलायची त्याची हिंमत झाली नव्हती. मी त्याच्या शेजारी चढून बसले. टोपण गरम होतं, त्याच्यावर हात ठेवला. आत ठोका चालू होता, फार दमलेला.

"मी तिच्या कपाळाला हात लावून आले," मी म्हटलं. "ऊन आहे. ओठ हलवतेय. मी बघून आलेय, दामदिन."

"पुन्हा सुरू होणार नाही हं हे," तो म्हणाला.

"माहीत आहे."

मी हात पुढे केला आणि किल्ली फिरवली.

इंजिन लगेच थांबलं नाही. त्यानं चार-दोन आचके दिले, गाडी सगळी हलली, आणि मग थांबलं. इतकी शांतता मी त्या गाडीत कधी ऐकली नव्हती. दामदिननं टोपणावर डोकं टेकलं आणि हुंदके देऊन रडला. मी त्याच्या मानेवर हात ठेवून बसले. खाली कुठेतरी शेवटचे थेंब पडत होते, मग तेही थांबले.

बऱ्याच वेळानं त्यानं डोकं उचललं आणि बाहीला नाक पुसलं.

"आता घरी कसे जाणार?" तो म्हणाला.

"चौघं जाणार," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. त्याचा पाय आखडला होता, म्हणून मी त्याला हाताला धरून खाली उतरवलं, आणि आम्ही आत गेलो.